बुंदी घरात आली आणि आम्ही सगळे सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो: पिल्लाला वळण कसं लावायचं?

गवती_चहा

मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय. आमच्याकडे लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलंय, मुलगी, नाव बुंदी (रंगावरून लेकीने ठेवलं). नऊ आठवड्यांची आहे. ज्यांच्याकडून आणली त्यांनी सहा आठवडे पुरे व्हायच्या आतच हातात ठेवली, म्हणे लवकर नेलं की लळा जास्त लागतो. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर टूबीएचके, घरात मी, नवरा, लेक दुसरीतली, आणि सासूबाई.

दिसायला इतकी गरीब की कोणी म्हणणार नाही, पण संध्याकाळी साडेसात वाजले की अंगात येतं. पायाचे घोटे, लेकीचा फ्रॉक, सासूबाईंच्या साडीचा काठ, जे हलेल ते तोंडात. दात म्हणजे सुया आहेत नुसत्या. नाही म्हटलं, ओरडले, की अजून चेव येतो. शू कधी पेपरवर कधी हॉलच्या सतरंजीवर, आणि गंमत म्हणजे पेपरवर उभी राहून शू मात्र बाजूच्या फरशीवर. आम्ही खाली बसून जेवतो, त्यामुळे ताट आणि तिचं तोंड एकाच उंचीवर येतं, काय होतं ते समजून घ्या. सासूबाईंचा गुडघा दुखतो, त्या काठी घेऊन चालतात आणि ही त्या काठीवर झेप घेते, मला त्याचीच जास्त भीती वाटते. शिवाय कामाच्या मावशी म्हणाल्यात, ताई, कुत्रं बांधा नाहीतर मी येत नाही. कुठून सुरुवात करू? ट्रेनर लोक सहा महिन्यांची झाली की घेऊन या म्हणतात, तोवर काय आम्ही सोफ्यावरच राहायचं का?

खारीबिस्किट

बुंदी!! फोटोशिवाय धागा काढल्याबद्दल निषेध.

बाकी सल्ला द्यायची माझी लायकी नाही, आमच्या बोक्याने आम्हालाच वळण लावलंय. वाचतेय.

निवांत६०

आमच्या लहानपणी गावी मोती होता. त्याला कोणी ट्रेनर नव्हता की क्लास नव्हता, कधी उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही त्याने. घाण केली की तिथेच नाक घासायचं आणि पेपरची गुंडाळी करून एक ठेवून द्यायची, दोनदा केलं की जन्मात विसरत नाही. कुत्र्याला घरात मालक कोण ते पहिल्या आठवड्यात कळलं पाहिजे, नाहीतर ते तुमच्या डोक्यावर बसणार. लाड करा पण आधी धाक हवा.

भटकी_जमात

काका, मोतीबद्दल आदर आहे पण नाक घासण्याला माझा कडक विरोध. मी गेली काही वर्षं रस्त्यावरची पिल्लं घरी ठेवून पुढे दत्तक देतो, त्यामुळे आमच्या फरशीने जितकी शू पाहिलीय तितकी सुलभवाल्यांनी पाहिली नसेल. मारलं किंवा नाक घासलं की पिल्लू "इथे शू करायची नाही" हे शिकत नाही, "या माणसासमोर शू करायची नाही" एवढंच शिकतं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, पलंगाखाली करतं, आणि खाली फिरायला नेलं की तुमच्यासमोर अर्धा तास दाबून धरतं आणि घरात आल्यावर मोकळं होतं. असली मोठी कुत्री माझ्याकडे येतात, ती सवय मोडायला पिल्लापेक्षा कितीतरी जास्त त्रास पडतो.

गवती_चहा, तुमचं आधी शूचं बघू कारण ते सगळ्यात सोपं आहे, फक्त कंटाळवाणं आहे. पिल्लू कधी शू करणार हे जवळपास ठरलेलं असतं. झोपेतून उठल्याबरोबर, खाऊन झाल्यावर पाच ते वीस मिनिटांत, आणि खेळता खेळता मध्येच थांबून जमीन हुंगायला लागली की. या प्रत्येक वेळी उचलायचं आणि ठरलेल्या जागी नेऊन उभं करायचं. ढोबळ हिशेब असा की जितक्या महिन्यांचं पिल्लू त्यात एक मिळवायचा, तेवढे तास जास्तीत जास्त धरू शकतं, म्हणजे तुमची तीन तास, आणि तेही झोपेत. जागी असताना तासाभराने न्या. आणि झाल्यावर तिथल्या तिथे, शेपूट खाली यायच्या आत, तोंडात काहीतरी चांगलं गेलं पाहिजे. किचनमध्ये जाऊन डबा उघडून बिस्किट आणेपर्यंत तिच्या लेखी ते बिस्किट किचनमध्ये आल्याबद्दलचं असतं. बाल्कनीत जागा केली असेल तर तिथेच खिळ्याला छोटी बरणी टांगा.

पेपरवर उभी राहून बाजूला शू करते यात तिची काही चूक नाही, पुढचे पाय पेपरवर आले की तिच्या मते ती पेपरवर आहे. जागा मोठी करा, दोन पेपर आडवे दोन उभे. किंवा सरळ बाल्कनीत प्लास्टिकच्या ट्रेवर खोटं गवत घाला, पेपरचा तोटा असा की उद्या सासरेबुवा, म्हणजे कोणीही, पेपर वाचून जमिनीवर ठेवतील आणि ती इमानदारीत त्यावर जाऊन करेल.

सतरंजी तीन महिने गुंडाळून माळ्यावर. हे ऐच्छिक नाही. मऊ आणि शोषून घेणारं काहीही पायाखाली आलं की त्यांना तेच संडास वाटतं.

आणि फिनाईलने पुसू नका. आपल्याला वास गेला असं वाटतं, तिला जात नाही, वर ती तेच पाय चाटते. अमोनिया असलेलं क्लीनर तर अजिबात नको, लघवीत तोच वास असतो, म्हणजे आपणच पाटी लावल्यासारखं झालं. पाळीव प्राण्यांसाठी एन्झाइमवालं लिक्विड मिळतं ते आणा.

गवती_चहा

आमच्या मावशी रोज बादलीभर फिनाईल घालतात, आत्ता कळलं रोज त्याच कोपऱ्यात का जाते ते. सतरंजी उचलली. सासूबाई म्हणाल्या घर उघडं दिसतंय. दिसू दे.

फोटो टाकते, हालत नाही असा एक पण नाहीये.

साळुंकी

मी पशुवैद्य आहे म्हणून थोडं लांबलचक लिहिते, माफी.

सहा आठवड्यांच्या आत पिल्लू देणं हे लळ्यासाठी वगैरे नसतं, खाण्याचा खर्च वाचतो म्हणून असतं. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. आणि त्याचा थेट संबंध तुमच्या घोट्यांशी आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावून चावून खेळतात, जोरात चावलं की भावंड कळवळून खेळ सोडून निघून जातं, आई गुरकावते. कितीपर्यंत चावलं तर चालतं हे तिथे कळतं. बुंदीचा तो वर्गच बुडाला, तर तो आता तुम्हाला घ्यायचाय.

कसा? दात लागला की खेळ बंद. ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही (झटकलेला हात म्हणजे पळणारी शिकार), फक्त उठायचं आणि बेबी गेटच्या (दारात लावायच्या बुटक्या फाटकाच्या) पलीकडे जायचं, अर्धा मिनिट, मग परत यायचं. परत चावली, परत जायचं. काही लोक "आई गं" असं कळवळून ओरडायला सांगतात, काही पिल्लं त्याने थबकतात पण लॅबची बरीच पिल्लं उलट पेटतात, तुमची त्यातलीच दिसतेय. शिवाय तोंडात घालायला काहीतरी हवंच. सुती फडक्याला गाठ मारून ओलं करून फ्रीजरमध्ये ठेवा, किंवा जाड गार गाजर, तुमच्या देखत. जुनी चप्पल देऊ नका, जुनी आणि नवी यातला फरक तिला कळत नाही आणि तुमच्या दारात चपलांचा ढीग असणारच. दुधाचे दात २८ असतात, साधारण चौथ्या महिन्यात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात, म्हणजे कुरतडणं मध्ये अजून एकदा वाढणार आहे, घाबरू नका.

साडेसातला अंगात येतं ते बहुतेक झोप कमी पडल्यामुळे. या वयाचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं, झोपलं पाहिजे. घरात लहान मूल असलं की कोणी झोपूच देत नाही. तासभर जागी, मग कोपऱ्यात नेऊन दोन तास झोप, असं दुपारपासून करून बघा, संध्याकाळची निम्मी भुतं उतरतील.

आता महत्त्वाचं. लेकीला किंवा कोणालाही दात लागून ओरखडा आला, रक्त नसलं तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. घरचं पिल्लू आहे, त्याला काय होतंय, असं म्हणू नका. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर मिळते, म्हणजे आत्ता ती मिळालेली नाही, आणि आधी कुठे कोणाच्या संपर्कात आली हे तुम्हाला माहीत नाही. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही.

निवांत६०

डॉक्टर म्हणताहेत तर रेबीजचं मान्य. पण खेळ बंद करून निघून जाणं म्हणजे कुत्र्याने जिंकल्यासारखं नाही का? कळपात एक म्होरक्या असतो, बाकीचे त्याला दबून राहतात. टीव्हीवर तो परदेशी ट्रेनर उताणं पाडून धरून ठेवतो, लगेच गरीब होतात कुत्री.

अवकाळी

काका त्या म्होरक्याची गोष्ट मजेदार आहे. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने १९४७ साली बंदिस्त जागेतल्या लांडग्यांवर लिहिलं, एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एकत्र कोंडले होते त्यामुळे तिथे मारामाऱ्या होत्या. ते पुढे डेव्हिड मेक यांनी १९७० च्या पुस्तकात घेतलं आणि जगभर पसरलं. मग मेक स्वतः कॅनडाच्या उत्तर टोकाला जंगली लांडगे बघत बसले आणि १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि पोरं, दादागिरी करून वर चढलेला कोणी नसतो. म्हणजे ज्याने सांगितलं त्यानेच मागे घेतलं, पण टीव्हीवाल्यांपर्यंत पत्र पोचलं नाही :)

उताणं पाडलेलं कुत्रं गरीब होत नाही, गोठतं. नंतर कधीतरी हात जवळ आला की चावतं आणि मग लोक म्हणतात काही कारण नसताना चावलं.

कृष्णाकाठ

आम्ही सांगलीकडचे, आमच्या मळ्यात दोन कारवानी जातीची कुत्री आहेत. काकांचं एक बरोबर आहे की गावाकडच्या कुत्र्याला वळण लावायला कोणी बसत नाही. पण त्याचं कारण धाक नाही ओ. त्याला दिवसभर काम असतं, रानात धावायला असतं, मोठी कुत्री शिकवतात, आणि घराच्या आत त्याला कोणी घेतच नाही तर सतरंजी खराब करायचा प्रश्न येतोय कुठं. तेच कुत्रं पुण्याच्या फ्लॅटात आणून कोंडलं तर तेही फर्निचर खाईल. माझ्या मेहुण्याने नेलं होतं एक पिल्लू हौसेने, पडदे, चार्जर, सोफ्याचा एक हात, सगळं झालं आणि परत मळ्यात आलं, आता शहाण्यासारखं गोठ्याशी बसतंय. त्याच्यात काही बदललं नव्हतं, जागा बदलली.

लॅब हे तोंडात वस्तू धरून आणायलाच तयार केलेलं कुत्रं, त्याला तोंडात काही घालू नको म्हणायचं म्हणजे आमच्या कारवानीला ससा दिसला तरी पळू नको म्हणण्यापैकी आहे. काय घालायचं ते तुम्ही ठरवा, एवढंच हातात आहे.

निवांत६०

कृष्णाकाठ, गोठ्याचं पटलं. आता आठवून बघतो तर मोतीला उंबऱ्यावरून मारलेलं मला एकदाही आठवत नाही. आजीने त्याला कधी आत बोलावलंच नाही, भाकरी कायम पायरीवर, त्यामुळे आत येऊन मिळायचं काहीच नव्हतं.

नाक घासल्याचं मात्र आठवतं.

भटकी_जमात

काका, तुमच्या आजीने जे केलं तेच सगळ्यात भारी ट्रेनिंग आहे, मी मस्करी करत नाही. जिथे मिळतं तिथे कुत्रं बसतं. गवती_चहाच्या जेवणाच्या प्रश्नाचं उत्तर पण तेच आहे.

आता नीट वाचा. कोपऱ्यात एक चटई टाका, जेवायच्या जागेपासून दोन पावलांवर. आधी जेवणाचा काही संबंध नाही, दुपारी रिकाम्या वेळी सुरू करायचं. चटईवर उकडलेल्या चिकनचा (शाकाहारी असाल तर पनीरचा) बोटाच्या पेराएवढा तुकडा टाका. ती जाणार, खाणार, तुमच्याकडे बघणार, की दुसरा तुकडा, चटईवरच. तिसरा. मग थोडं थांबा, ती बहुतेक बसेल, कारण वर बघायला पिल्लाला बसणंच सोयीचं पडतं. बसली की दोन तुकडे. हातात कधीच द्यायचं नाही, कायम चटईवर पडलं पाहिजे. तीन-चार मिनिटं झाली की चटई उचलून ठेवा. असं दिवसातून दोन-तीनदा. काही दिवसांनी चटई अंथरल्याबरोबर ती पळत जाऊन बसते. मग तुम्ही तिथे शेजारी रिकामं ताट घेऊन बसा, मग ताटात भात घेऊन बसा, मग सगळे बसा, आणि दर थोड्या वेळाने चटईवर काहीतरी पडत राहू द्या, हळूहळू मधला वेळ वाढवायचा. सुरुवातीला तिचं पट्ट्याचं टोक चटईजवळ कशाला तरी बांधा म्हणजे ताटापर्यंत पोचणारच नाही.

आणि ताटातून कोणीही, कोणीही म्हणजे कोणीही, एक घास द्यायचा नाही. रोज दिलेला घास एक वेळ परवडला, पण दहा दिवस नाही म्हणून अकराव्या दिवशी गुपचूप दिलेला घास सगळ्यात वाईट, मटक्याचं व्यसन तसंच लागतं.

गवती_चहा

इथेच घोडं पेंड खातंय. सासूबाई जेवताना पोळीचा शेवटचा तुकडा आमटीत बुडवून मांडीखालून सरकवतात. मी बघितलं की म्हणतात, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, आपण एकाला उपाशी ठेवायचं का. आता यावर काय बोलणार!

साळुंकी

दत्तगुरूंना सांगा आमटीत कांदा लसूण आहे. दोन्ही कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवलेलंसुद्धा, पावडरसुद्धा. मनुका, बेदाणे, द्राक्षं तर थेट मूत्रपिंडावर जातात, किती खाल्ल्यावर त्रास होईल हे कुत्र्यागणिक वेगळं असतं म्हणून एकही नको. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे हे आमच्याकडे दर श्रावणात येणारं प्रकरण आहे. चॉकलेट सगळ्यांना माहीत असतं, शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल कोणाला माहीत नसतं, ते विषबाधा व्हायला फार थोडं पुरतं. शिजवलेली हाडं नाहीत.

नेमस्त

सासूबाईंना नाही म्हणू नका, त्यांना काम द्या. आमच्या आईच्या बाबतीत हाच उपाय लागू पडला. तिला एक वेगळी वाटी दिली, त्यात बिनमिठाची, बिनतेलाची अर्धी पोळी किंवा भाकरी कुस्करून, आणि ठरवलं की सगळ्यांची जेवणं झाली, ताटं उचलली, की आजीने ती वाटी चटईजवळ न्यायची, कुत्रा बसला की खाली ठेवायची. आता घरात तो सगळ्यात जास्त तिचंच ऐकतो आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते की पोरांना काही जमत नाही, मीच शिकवलं. शिकवू दे की.

अजून एक, घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरा. आमच्याकडे मुलगा सिट, बायको बैस, आई बसा बसा म्हणायची (कुत्र्याला अहोजाहो!), तो बिचारा उभाच राहायचा. फ्रीजवर कागद लावला.

ऱ्हाइनकाठची

जर्मनीतून लिहितेय, आमच्याकडे इंडी (आपल्याकडची देशी कुत्री) आहे, पुण्यातून बरोबर आणलेली, कागदपत्रांची कहाणी वेगळ्या धाग्याची आहे. इथेही आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडता येत नाही, कायद्यातच आहे, आणि कुत्र्याला पुरेसं बाहेर फिरवणं पण नियमात आहे. इथे ट्राममध्ये, हॉटेलात कुत्री टेबलाखाली गुपचूप झोपलेली दिसतात आणि भारतातून आलेले पाहुणे म्हणतात इथली कुत्रीच गुणी. तसं काही नाही. लहानपणापासून सगळीकडे नेऊन, काहीही न करता बसवून ठेवतात. आपण पिल्लू बाहेर नेलं की सगळ्यांना दाखवतो, हात लावू देतो, पोरं ओरडतात, आणि मग माणूस दिसला की उडी मारायची हे ती शिकतात.

गवती_चहा, उडीबद्दल: चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच कोणीही तिच्याकडे बघायचं, बोलायचं, हात लावायचा. उडी मारली की हाताची घडी, नजर छताकडे. "नाही नाही खाली उतर" म्हणत ढकलणं हा तिच्यासाठी खेळच आहे. पण सासूबाईंच्या बाबतीत शिकवण्यावर भिस्त ठेवू नका, पडल्या तर काय घ्या. त्या उठल्या की बुंदी गेटच्या पलीकडे किंवा तुमच्या कमरेला पट्टा बांधून, काही महिने तरी.

एकटं राहायची सवय पण आत्ताच लावा, घरात सगळे असताना. दार लावून दहा सेकंद बाहेर, आत. मग अर्धा मिनिट. जाताना टाटा बाय बाय, आल्यावर गळाभेट, दोन्ही नको.

बुचकळ्यात

यावरून विचारतो, एकटं ठेवायला लोक क्रेट वापरा म्हणतात, तो म्हणजे पिंजराच ना? आईने बघितला तर म्हणेल पोराने कुत्र्याला तुरुंगात टाकलं. बाल्कनीत साखळीने बांधलं तर चालेल का, ऑफिसला जाताना?

भटकी_जमात

बाल्कनीत साखळी नको हो. ऊन, पाऊस, खालची भटकी कुत्री, कबुतरं, दिवसभर बघून बघून भुंकायला शिकतं, आणि कठड्यावरून लोंबकळल्याच्या घटना होतात. क्रेट हा दार उघडा ठेवून सुरू करायचा, आत जेवण द्यायचं, चघळायला आत द्यायचं, चादर टाकून काळोख करायचा, बहुतेक पिल्लं आपणहून आत जाऊन झोपतात. दार लावायचं ते नंतर, थोडा वेळ. पण दिवसभर आठ तास क्रेटमध्ये ठेवणं हा पण तुरुंगच, आई बरोबर बोलतील. ज्या घरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कोणी नसतं त्यांनी पिल्लू आणू नये, मोठं, शांत झालेलं दत्तक घ्यावं, हे मी तोंडावर सांगतो आणि लोक रागावतात.

गवती_चहा

अपडेट. शूचं बरंच मार्गी लागलंय, रात्रीची एक अजून होते. दुपारी मागच्या खोलीत पडदा ओढून झोपवायला लागलो आणि साडेसातचा तमाशा खरंच उतरला, साळुंकी तुमच्या तोंडात साखर. लेकीला सांगितलंय की चावली की झाड व्हायचं, म्हणजे न हलता उभं राहायचं, ती आता न चावता पण झाड होते आणि बुंदी बिचारी वाट बघत बसते. सासूबाईंनी वाटीचं काम आनंदाने घेतलं, फक्त अर्ध्या पोळीची एक झालीय, ते लॅबच्या पोटावर दिसायच्या आत थांबवायला लागेल. देवघरापुढे अजून रोज धाड पडते, कारण नैवेद्याची वाटी. ती काकांच्या मोतीच्या न्यायाने आता वरच्या फळीवर जाणार आहे.

मावशींचं मात्र जमत नाहीये. त्यांना खरंच भीती वाटते, लहानपणी चावलंय. शिवाय काल लिफ्टमध्ये एक गृहस्थ म्हणाले, सोसायटीत ठराव करून कुत्री बंद करू.

अवकाळी

ठराव करून बंद करता येत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, बहुमताने सुद्धा सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण कागद नाचवत बसू नका. महानगरपालिकेचा परवाना काढा, लसीचं कार्ड फोनमध्ये ठेवा, शी उचलायची पिशवी हातात दिसेल अशी धरा, आणि लिफ्टमध्ये कोणी असेल तर आपण पुढची घ्या. निम्म्या तक्रारी जिन्यातल्या शूवरून सुरू होतात.

कृष्णाकाठ

मावशींना भीती वाटते तर पिल्लू त्यांच्या यायच्या वेळी बंद खोलीत, विषय संपला. "काही करत नाही ओ ती" हे वाक्य मालकाने उच्चारूच नये. त्यांना वाटलं तर काही महिन्यांनी त्या स्वतः दारातून तुकडा टाकतील, नाही वाटलं तर नाही. त्यांचं काम फरशी पुसायचं आहे, तुमचं कुत्रं शिकवायचं नाही.

साळुंकी

कृष्णाकाठ +१.

आणि गवती_चहा, लसींचा कोर्स १६ आठवड्यांपर्यंत चालतो, पण तोवर घरातच कोंडून ठेवू नका. नवीन गोष्टींना न घाबरायची खिडकी १४ आठवड्यांच्या सुमारास मिटायला लागते, म्हणजे लस पूर्ण व्हायची वाट बघाल तर ती गेलीच. पार्व्होच्या (पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणू) भीतीने जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन न्या. रिक्षाचा आवाज, कचऱ्याची गाडी, छत्री, रेनकोट घातलेला माणूस, हेल्मेट, ढोल, सगळं लांबून दाखवा आणि प्रत्येक वेळी तोंडात काहीतरी द्या. घाबरली तर अजून लांब जा, ओढून जवळ नेऊ नका. पावसात साचलेल्या पाण्यातून चालवायचं नाही, उंदरांच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, त्याची लस मागून घ्या. गोचिडी रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात बघायच्या, बघताना पायाला हात लावून घ्यायची सवयही आपोआप लागते, पुढे नखं कापताना माझ्यासारखीचे हात वाचतात.

खारीबिस्किट

ढोल वरून आठवलं, दिवाळीत काय करायचं? शेजारचा टॉमी तीन दिवस बाथरूममध्ये बसून असतो.

साळुंकी

आत्तापासून फोनवर फटाक्यांचा आवाज एकदम बारीक, जेवताना, रोज थोडा. हळूहळू मोठा. बिचकली तर परत बारीक. प्रत्यक्ष दिवाळीत संध्याकाळच्या आत फिरवून आणायचं, गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू. बाथरूममध्ये बसत असेल तर बसू द्या, तिथे गादी टाका. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती वाढते असं काही नसतं, खुशाल घ्या. शेजाऱ्यांना सांगा, टॉमीच्या आधीपासून लक्षात असलेल्या भीतीला डॉक्टरकडून औषध मिळतं, दिवाळीच्या आदल्या दिवशी नाही, पंधरा दिवस आधी यायचं.

बुचकळ्यात

आणि घरात आधीच मांजर असेल तर??

खारीबिस्किट

त्याचा वेगळा धागा काढा भाऊ, आमचा बोका वाचतोय.